बिजागरीला तेल

मिटणाऱ्या वस्तूंचा मला वीट आलाय. घडीची खुर्ची, गुंडाळायची गादी, भिंतीला उभी करायची खाट, कपाटामागे सरकवायची इस्त्रीची फळी. लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत उघडी राहू शकेल अशी वस्तूच नव्हती. त्यात माझा लॅपटॉप. सकाळी बाबांचा चहा झाला की उघडायचा. मोरीत कुणी आंघोळीला बसलं की पाणी उडतं म्हणून मिटायचा. ताटं घ्यायची तर मिटायचा, शेजारीण टेकायला आली तर मिटायचा, दुपारी बाबा आडवे व्हायचे तर मिटून फडताळात ठेवायचा. ज्याने कुणी ते यंत्र बनवलं त्याच्या घरी टेबल असणार. आमच्याकडे जमीन होती, तीही पाळीपाळीने मिळायची.

खोलीत आम्ही दोघंच, मी आणि बाबा. दोन माणसांना ती खोली पुरायला हवी होती, पण अर्धी खोली आईच्या पातेल्यांनी अडवलेली. संपानंतर गिरणी काही उघडली नाही, तेव्हा आईने खानावळीचे डबे सुरू केले आणि आम्हा दोघा भावंडांना त्याच्यावर वाढवलं. आई गेली तरी तिचे टोप, पराती, भाताची ती अवाढव्य पातेली बाबा कुणाला हलवू देत नव्हते. भंगारवाल्याला बोलावलं की हे दारात उभे. त्या पातेल्यांत झुरळं सुखाने नांदायची. रोज पुसा, रोज फवारा, झुरळं काही हटली नाहीत.

मी गिरगावातल्या एका छापखान्यासाठी घरबसल्या टायपिंग आणि पानं लावायचं काम करायची. लग्नपत्रिका, शाळेची गाइडं, श्रावण संपला की दिवाळी अंक. घरबसल्या म्हणजे मोठी ऐश असं लोकांना वाटतं. घरबसल्या अशासाठी की बाबांना एकटं ठेवण्याची सोय राहिली नव्हती. चहा ठेवायचे आणि खाली पानाच्या गादीवर जाऊन बसायचे. गॅस वर भडभडतोय आणि हे खाली गावच्या जत्रेच्या गोष्टी सांगतायत. एकदा पाण्याच्या वेळी नळ सोडून गॅलरीत गेले ते विसरले, आणि खालच्या बाईच्या बिछान्यावर पाणी उतरलं. ती बाई त्यानंतर मला बघून तोंड फिरवायची. मधूनच चक्करही यायची त्यांना.

माझा थोरला भाऊ विरारला राहतो. लिफ्ट आहे, दोन खोल्या आहेत, वहिनी घरीच असते. त्याचं म्हणणं सरळ होतं. ‘तू बाहेर नोकरी धरलीस तर बाबांना मी घेऊन जाणार. चाळीत एकटे ठेवायचे नाहीत.’ त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग यायचा. आणि बाबा तर विरारचं नाव काढलं तरी तोंड कडू करायचे. एकदाच गणपतीनंतर आठ दिवस राहून आले होते. आल्यावर मला म्हणाले, ‘घरातच जेवतत नि घरातच हगतत. माका नाय जमाचा.’ सगळा जन्म गॅलरीच्या टोकाच्या संडासापुढे डबा घेऊन रांग लावली, आणि या माणसाला किळस आली ती भावाच्या घरातल्या स्वच्छ, पांढऱ्या फरशीच्या संडासाची. हसावं की रडावं.

म्हणजे गणित एवढंच होतं. लॅपटॉप चालला तर माझं काम घरात, काम घरात तर बाबा लालबागला. तो बंद पडला तर बाबा विरारला. नवा घ्यायची ऐपत नव्हती. हे मला माहीत होतं, भावाला माहीत होतं, आणि बाबांनाही मी तोंडावर सांगितलं होतं.

बिजागरी मोडली ती गणपतीत. आमच्या गल्लीच्या तोंडाला त्या दिवसांत बांबू बांधलेले असतात, माणसांचा लोंढा रात्रंदिवस वाहत असतो, आणि आपल्याच घरी यायला आपल्यालाच हुज्जत घालावी लागते. कुणाकुणाचे पाहुणे दर्शनाच्या रांगेतून सुटले की थेट आमच्या खोलीत, संडासाचा डबा मागायला. ओळख ना पाळख, ‘तुमच्या मावशीच्या जावेची मी’ म्हणून चपला काढायच्या. अशाच एका घोळक्याला जागा करायला मी घाईघाईने लॅपटॉप मिटला आणि डाव्या कोपऱ्यात कट्‌ असा आवाज झाला. पुन्हा उघडून बघितलं तर खालचं प्लास्टिक तडकून वर आलेलं, फटीतून आतली लोखंडी बिजागरी दिसत होती. पडदा एका अंगाला कलंडला. घोळक्यातली एक बाई म्हणाली, ‘बघा, बाप्पाच्या पायाशी आलं की काहीतरी सुटतंच.’ तिला मी पाणी दिलं, पण कसं दिलं ते मलाच ठाऊक.

मग विसर्जनापर्यंत पडद्याच्या पाठीला तांदळाचा डबा लावून काम केलं. डबा सरकला की पडदा मागे जायचा, पडदा मागे गेला की तडा वाढायचा. बाबा खाटेवरून बघत होते. तिसऱ्याचौथ्या दिवशी म्हणाले, ‘आण हंय. बघतंय मी.’

‘बाबा, याला हात लावायचा नाही.’

‘बिजागरी ती बिजागरी. दाराची काय नि मशीनची काय. माका काय एक कळणा नाय असा वाटता काय तुका?’

बाबा गिरणीत फिटर होते. विणायच्या खात्यात साचे दुरुस्त करायचे, साचे म्हणजे कापडाचे माग. बिघडलेल्या साच्याजवळ जाऊन नुसतं उभं राहायचे आणि आवाजावरून सांगायचे म्हणे काय बिघडलंय ते. म्हणे म्हणते, कारण हे सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. मी कळती झाले तेव्हा संप होऊन गेला होता आणि बाबा घरात होते. घरात असलेला फिटर काय करतो ते मी पाहिलंय. चाळीतल्या प्रत्येकाचा मिक्सर खोलतो, पंखा खोलतो, कुलूप खोलतो. अर्धं लागतं, अर्ध्याचे दोन स्क्रू उरतात. लोक नको म्हणायला लागले तर आपल्याच घरातलं खोलायला घेतो. आईच्या शिवणयंत्राची सुई कधी सरळ चालली नाही. पुढे डिलाईल रोडच्या एका बिल्डिंगीत वॉचमनची नोकरी मिळाली, ती केली बरीच वर्षं, पण तिथेही गेटच्या बिजागरीला हे रोज तेल घालायचे आणि गाडीवाल्यांच्या कपड्यांना डाग पडायचे. साहेबांनी दोनदा समज दिली. बाबा म्हणाले, ‘तेल नाय तर लोखंड रवात कसा?’

तेलाशिवाय लोखंड टिकणार कसं, या वाक्याचा मला लहानपणापासून संताप आहे. आमच्या घरात दाराच्या कडीला तेल, खिडकीच्या गजांना तेल, कपाटाला तेल. कुठेही हात लावा, हात काळा. शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवर तेलाची बोटं घेऊन मी कितीदा गेलेय त्याला हिशेब नाही.

तर मी लॅपटॉप त्यांना दिला नाही. विसर्जन झालं, बांबू सुटले, आणि मी दादरला एका दुकानात गेले. स्टेशनच्या बाहेरच्या एका माडीवर, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, वर एक काचेचा दरवाजा आणि आत थंडगार. काउंटरवरचा माणूस माझ्याहून लहान, गळ्यात चष्मा अडकवलेला. त्याने लॅपटॉप उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, ‘मॅडम, हे मॉडेल कुठून आणलंत? याचे पार्ट येत नाहीत आता. हिंज टाइट झालीय, त्यामुळे खालचं प्लास्टिक उपटलं. बॉडीच बदलावी लागेल, आणि बॉडी मिळणार नाही.’

‘मग काय करता येईल?’

‘चिकटवून देतो. गॅरंटी नाही.’

गॅरंटी नाही हे तो असं म्हणाला की जणू माझ्यावर उपकार. मी म्हटलं करा. त्याने खालचे स्क्रू काढले आणि पाठ उचलली.

ते काय दिसलं ते लिहायलाही अंगावर काटा येतो. आधी एक मोठं झुरळ बाहेर पडलं आणि काउंटरवरून धावत गेलं. मग लहान लहान, पांढुरकी, मोजायला कोण बसतंय. आतल्या पंख्यात केसांची गुंडाळी, कोपऱ्यात भाताची वाळलेली शितं, झुरळांची ती काळी अंडी, आणि सगळ्यावर लाल भुकटीचा थर. लालबागला मसाल्याच्या गिरण्या उन्हाळाभर चालतात, मिरची कांडतात, ती भुकटी आमच्या पडद्यांवर बसते, उशांवर बसते, आणि आता कळलं की लॅपटॉपच्या पोटातही बसते. त्या माणसाने फुंकर मारली. फुंकर मारायची बुद्धी का झाली त्याला देव जाणे. भुकटी उडाली ती सरळ त्याच्या नाकात. शिंकला. पुन्हा शिंकला. डोळ्यांतून पाणी. मागच्या टेबलावरचे दोघे शिंकायला लागले. दुकानातलं एक गिऱ्हाईक रुमाल लावून बाहेर गेलं.

‘मॅडम, मसाल्याचा धंदा आहे का तुमचा?’ तो डोळे पुसत म्हणाला. ‘आणि हा वास? सुकट?’

सुकटीचाच होता. बाबांना आठवड्यातून दोनदा तरी सुकट लागते. मी म्हटलं, ‘हो, सुकटच. आमच्याकडे माणसं जेवतात. तुमच्याकडे काय करतात?’ त्याने ब्रश उचलला. पण मान वळवून ब्रशने साफ करत असताना त्याने तोंड असं केलं होतं की ते मला आजही दिसतं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी त्याच्यासारखंच झालं होतं. आमच्या घराची घाण तिथे थंडगार हवेत, पांढऱ्या दिव्याखाली मांडून ठेवलेली. मला आपल्या खोलीची शिसारी आली, आणि शिसारी आणवणाऱ्या त्या माणसाची त्याहून जास्त.

प्लास्टिकमध्ये बसवलेली पितळी बुडं उपटून आली होती. त्यांत स्क्रू पकडतात. त्याने ती परत जागेवर ठेवली, दोन ट्यूबांमधला गोंद एकत्र कालवला आणि त्यांच्याभोवती भरला. गोंद म्हणजे दाट, पिवळट, वासाने डोकं उठवणारा. जरा जपून भरावा की नाही. भज्याचं पीठ थापल्यासारखा थापला, बोटाने पुसला, बोट टेबलाच्या कडेला पुसलं. ‘उद्यापर्यंत उघडाच ठेवायला लागेल,’ म्हणाला. उघडा ठेवायला मला जागा कुठे होती. दुकानातच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी परत दादर.

देताना त्याने दोन सूचना केल्या. एक, पडदा मधोमध धरून, हळू उघडायचा. आणि दुसरी, ‘तेलकट काही लागू देऊ नका. तेल लागलं की हा गोंद सुटतो.’ ही सूचना त्याने अशासाठी केली की त्याला वाटलं आमच्याकडे लॅपटॉपवर मासे तळतात.

घरी येऊन मी बाबांना समोर बसवलं. म्हटलं, ‘हे बघा, हे चिकटवलेलं आहे. हे सुटलं तर संपलं. मला गिरगावात जाऊन बसावं लागेल, आणि दादा तुम्हाला घेऊन जाईल. कळलं? हे मशीन बंद पडता कामा नये.’

बाबांनी मान हलवली. ‘बंद पडूचा नाय,’ म्हणाले. मला वाटलं ऐकलं. तेलाचं मात्र मी बोलले नाही. कुणी लॅपटॉपला तेल घालेल हे माझ्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

नवरात्र लागलं. दिवाळी अंकाचं काम माझ्या मानेवर बसलेलं, बिजागरी टिकून होती. मी पडदा बाळाचं डोकं धरावं तसा धरायची. नवमीच्या दिवशी सकाळी तयार पानं दाखवायला गिरगावात जायचं होतं. लॅपटॉप घेऊन जायला जीव धजेना, म्हणून पानं पेनड्राइव्हवर घेतली, लॅपटॉप मिटून फडताळात ठेवला, समोरच्या खोलीतल्या आजींना बाबांवर नजर ठेवायला सांगितलं आणि गेले.

नवमी म्हणजे खंडेनवमी. ज्याची जी हत्यारं, यंत्रं त्यांची पूजा. गिरणीत त्या दिवशी खातंच्या खातं धुऊन काढायचे. प्रत्येकजण आपापला साचा पुसायचा, तेल द्यायचा, मग हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. तेल न देता पूजा केली तर साचा वर्षभर रुसतो अशी त्यांची समजूत होती, आणि फिटर लोक हे तेल स्वतःच्या हाताने द्यायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. संपाच्या आदल्या दिवशीसुद्धा बाबांनी त्यांच्याकडचे सगळे साचे पुसून तेल देऊन ठेवले होते. महिन्या-दोन महिन्यांत परत यायचंच आहे, गंजायला नकोत, असा हिशेब. ते साचे पुढे भंगारात गेले. संपानंतर आमच्या घरात खंडेनवमी झाली नाही. आई म्हणायची विळीची तरी पूजा करूया, तर हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्या वर्षी मी घरात खंडेनवमीचं नावही काढलं नव्हतं.

मी दुपारी परत आले तर खोलीत धुपाचा वास. पाट मांडलेला, पाटावर धुतलेलं पांढरं फडकं, फडक्यावर माझा लॅपटॉप उघडा. पडद्याला वरून झेंडूची माळ. बटणांवर हळदकुंकू, अक्षता, एक अख्खी सुपारी. आणि दोन्ही बिजागऱ्या चकाकत होत्या. शेजारी आईच्या शिवणयंत्राच्या तेलाची बुधली. बाबांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. कपाळाला कुंकू. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं, ताठ, हात मांडीवर, कामावर जायला निघालेल्या माणसासारखे.

‘बरोबर दोनय बाजूंक दिलंय,’ म्हणाले. ‘सांद्यात मुरला पायजे म्हणान आडवा करून ठेवलंय आधी. आता तुझा मशीन बंद पडूचा नाय.’

आडवा करून ठेवलाय. म्हणजे तेल बिजागरीत राहिलं नाही, आत उतरलं. गोंदात उतरलं, पडद्याच्या कडेने वर चढलं. मी माळ ओढली, अक्षता झटकल्या, फडक्याने पुसायला लागले. जितकं पुसावं तितकं फटीतून येत होतं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक पिवळा डाग धरला होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत पसरत होता. सुपारी आत कुठेतरी घरंगळली ती खडखडत होती. शी, शी, शी. मी ओरडले. काय काय ओरडले ते सांगते. म्हटलं, गिरणी गेली तरी तुमचं तेल संपलं नाही. आयुष्यभर घरभर तेल फासलंत, आईला फासलंत, मला फासलंत. कुणी सांगितलं होतं पूजा करायला? हा साचा नाही, हे माझं पोट आहे. समोरच्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, ‘अगं, मीच फुलं आणून दिली. मला वाटलं तुला माहितीय.’ मी त्यांच्यावरही ओरडले. या ओरडण्याचं मला आजही वाईट वाटत नाही. कुणाचाही ताबा सुटला असता.

बाबांनी बुधलीचं झाकण लावायला घेतलं, ते त्यांच्याने लागेना.

दसऱ्याच्या दिवशी लॅपटॉप चालू झाला. डाग पसरून तळव्याएवढा झाला होता, त्याच्या खालची अक्षरं वाचता येत नव्हती, पण चालत होता. बिजागरी मात्र तेलाने इतकी ढिली झाली की पडदा उभाच राहीना, सोडला की धप्पकन मागे. दोन दिवसांनी गोंद सुटला. अगदी दुकानदार म्हणाला होता तसा, साबणाची वडी निसटावी तसा. पितळी बुडं परत बाहेर, आणि पडद्याचा सगळा भार आतल्या वायरीवर. मी दादरच्या त्या माणसाकडे फोन करून विचारलं. तो म्हणाला, ‘तेल? कोणतं तेल?’ मी फोन ठेवला. संध्याकाळी पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला. पुन्हा लागला नाही.

छापखान्याच्या मालकांना सांगितलं तर ते चांगुलपणाने म्हणाले, ‘ताई, त्यात काय एवढं. इथे येऊन बसा ना. मशीन रिकामंच आहे, पंखा आहे, डबा आणा.’ अंक छापायला जायचा होता, त्यांचीही अडचण होती. माणूस चांगुलपणाने बोलला की आपल्याला चिडायचीही सोय राहत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गिरगावात जायला लागले, आणि रविवारी भाऊ आला.

तो चांगलाच वागला. बाबांचे कपडे घड्या घालून पिशवीत भरले, औषधांचा डबा घेतला, चष्मा घेतला. आईच्या पातेल्यांकडे बघून म्हणाला, ‘हे आता काढून टाक बाई.’ मला म्हणाला, ‘तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. कधीतरी व्हायचंच होतं.’ सगळं शहाण्यासारखं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. बाबा तेवढ्या वेळात खाटेच्या कडेला बसून होते. विरारचं नाव काढल्यावर तोंड कडू करणारा माणूस, त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, ‘बाबा, दर रविवारी येईन.’ त्यांनी भावाचा हात धरला आणि जिना उतरले. माझ्याकडे बघितलं नाही.

दिवाळी गेली. मी खरंच दर रविवारी जायची. बाबा सहाव्या मजल्यावरच्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसलेले असायचे, अंगावर इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, पहिल्यापेक्षा स्वच्छ. वहिनी त्यांची नीट काळजी घेते, तिच्याबद्दल मला एक अक्षर बोलायचं नाही. सुकट तेवढी करत नाही, बिल्डिंगीत तक्रारी येतात. बाबा माझ्याशी दोन शब्द बोलायचे. पाणी येता काय, आजी बरी असा काय. लॅपटॉपचं कधी विचारलं नाही, मीही काढलं नाही. तो मी भंगारात दिला होता.

मग एका रविवारी भाऊ खाली काहीतरी आणायला गेला होता, वहिनी आत चहा करत होती. बाबांनी खिडकीकडून खुर्ची माझ्याकडे वळवली. आवाज एकदम हळू केला.

‘तेल नको होता त्याका,’ म्हणाले.

मी म्हटलं, ‘जाऊ दे बाबा.’

‘नाय. नको होता. माका हल्ली कळला. त्या जातीच्या मशीनीक तेल चालणा नाय.’ एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले, उलटे सुलटे करून दाखवले. नखं कापलेली, हात स्वच्छ. ‘आता मी कशाक तेल घालूचंय नाय. हातय लावूचंय नाय. तुका वचन.’

मी त्यांचे हात धरून परत त्यांच्या मांडीवर ठेवले.

‘मग येव काय मी आता घराक?’

वहिनी चहा घेऊन आली. बाबांनी कप घेतला नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिले.